ओढ्यापलीकडचे हात

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. लहानांनी पुढे बसावं, मोठे मागे बसले तरी चालतील. गोष्ट दोघांचीही आहे.

त्या काळी दोन डोंगरांच्या मध्ये तांबटांचं एक गाव होतं. गावातून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या अलीकडे घरं, पलीकडे एक मोठा कारखाना. दिवस उजाडला की तांबट ओढा ओलांडून जायचे आणि साठ ऐरणींवर साठ हातोड्या पडू लागायच्या. तांब्याचा पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा, आणि शेवटी भांड्यावर बारीक बारीक ठोक्यांची नक्षी उठवायची. याला ते मठारणं म्हणत. एका घागरीला किती ठोके लागतात हे कोणी मोजलेलं नाही, पण संध्याकाळी घरी आलेल्या माणसाच्या कानात ते जेवण होईपर्यंत वाजत राहत.

एवढ्या गोंगाटात बोलणार कोण आणि ऐकणार कोण? शेजारचा माणूस घसा फोडून ओरडला तरी कळायचं नाही. म्हणून कोणाच्या तरी खापरपणजोबांच्या वेळेपासून हे तांबट हातांनी बोलायचे. मूठ दोनदा मिटून उघडली की 'भाता मार'. तळहात उलटा केला की 'भांडं फिरव'. भांड्याकडे बोट करून मूठ छातीला लावली की 'हे काम कोणाचं?' प्रत्येक तांबट आपल्या भांड्याच्या बुडाशी आपलं चिन्ह ठोकायचा. कोणाचा मासा, कोणाचं पान, कोणाचे तीन ठिपके. कोणाला बोलवायचं असलं की त्याचं चिन्ह हातांनी काढून दाखवायचं, तो माणूस मान वर करायचा.

आणि ठोका चुकला, पत्रा बिघडला, तर ज्याचा ठोका चुकला त्याने हातोडी खाली ठेवायची आणि उघडा तळहात ऐरणीवर टेकवायचा. म्हणजे 'माझं चुकलं'. त्यावर पुढे कोणी त्याला टोचून बोलायचं नाही, अशी रीत होती.

संध्याकाळी मात्र सगळे ओढ्यावर हात धुवायचे, आणि हात धुतले की खुणा संपल्या. कारखान्याचे हात घरात आणायचे नाहीत, असा गावाचा नियम होता. घरात कोणी चुकून खुणेने पाणी मागितलं तर म्हातारी माणसं लगेच म्हणायची, "तोंडाला काय झालं? ही काय ऐरण आहे?"

आणखी एक नियम होता. हातोडी मिळाल्याशिवाय कोणत्याही लेकराने ओढा ओलांडायचा नाही. कोवळे कान त्या आवाजाने बिघडतात, म्हणून. नियम चांगलाच होता. पण चांगल्या नियमाची एक गंमत असते. तो का केला हे विसरायला होतं आणि नियम तेवढा लक्षात राहतो.

अशा या गावात एका तांबटाच्या घरी मुलगी जन्मली. तिचं नाव राही. हे नाव सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त राहीला ठाऊक नव्हतं. कारण तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

पहिल्यांदा हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. पाळण्यामागे हंडा पडला, सगळं घर दचकलं, पोर झोपलेली. आत्या म्हणाली, "बाई गं, काय गुणाची पोर आहे!" दोन वर्षांनी कळलं की गुणाची असेल किंवा नसेल, पोर बहिरी आहे.

मग गावाने काय केलं? गाव ओरडू लागलं. ऐकू न येणाऱ्याशी बोलायचं म्हणजे आवाज चढवायचा, एवढी एकच युक्ती त्यांना सुचली. आई ओरडायची, आत्या ओरडायची, शेजारपाजारचे येता जाता ओरडून जायचे. आणि तिचा बाप, जो दिवसभर कारखान्यात तोंडातून चकार शब्द न काढता साठ जणांशी बोलायचा, तो ओढ्यावर हात धुऊन घरी यायचा आणि लेकीसमोर बसून घसा कोरडा होईपर्यंत ओरडायचा. हसू नका. आपल्या हातात असलेली वस्तू घरभर शोधणारी माणसं तुमच्याही घरात असतील.

राही मोठी चौकस होती. तिला एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. ही माणसं तोंड उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. खात तर काहीच नाहीत. पण आई दारात उभी राहून तोंड उघडते आणि परसातून आत्या धावत येते! हे कसं होतं?

तिने करून पाहिलं. दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि आईसारखं मोठ्ठं तोंड उघडलं. परसातून कोणी आलं नाही. एक माशी मात्र आली.

मग तिने दुसरीकडून शोध घ्यायला सुरुवात केली. आई तोंड उघडत असताना तिच्या गळ्यावर हात ठेवला. आत काहीतरी थरथरत होतं. मांजर मांडीवर बसलं तेव्हा त्याच्या पोटावर हात ठेवला. तेही थरथरत होतं. जातं फिरताना थरथरायचं, चिंचेचं झाड थरथरत नव्हतं, आत्या झोपली की घोरताना थरथरायची. राही घरातल्या एकेका वस्तूवर हात ठेवून बघत फिरायची, आणि आई कपाळाला हात लावून म्हणायची, "काय शोधतेय गं ही पोर?"

इकडे दिवस जात होते आणि आईला एक भीती लागून राहिली होती. त्या गावात मूल दहा वर्षांचं झालं की चैत्रात हातोडीचा दिवस यायचा. सगळं गाव मोठ्या चिंचेखाली जमायचं. गावच्या सगळ्यात वडीलधाऱ्या तांबटाला सारे 'थोरले' म्हणत. ते मुलाला तीन प्रश्न विचारायचे. तुझं नाव काय? तू कोणाचं? हातोडी घेऊन काय घडवशील? मुलगा असो की मुलगी, तीन उत्तरं दिली की हातोडी मिळायची. हातोडी मिळाली की ऐरणीवर जागा आणि गावाच्या बैठकीत शब्द.

ज्याला उत्तरं देता येत नसत, त्याला समज नाही असं गाव ठरवायचं आणि डोंगरापलीकडच्या मठात पाठवायचं. मठात जेवण मिळे, पांघरूण मिळे, कोणी मारत नसे. फक्त तिथून कोणी परत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

राही नऊ वर्षांची झाली तेव्हा आईने एक गोधडी शिवायला घेतली. लहान मापाची, मठात न्यायची.

एका सकाळी राही अंगणात बसली होती. समोर वाटीत पाणी होतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता, वाटीला कोणी हात लावलेला नव्हता, तरी पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. राहीने वाटी उचलून दुसरीकडे ठेवली. वर्तुळं तिथेही उठली. दुपारी जेवणाच्या वेळी ती थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. म्हणजे पाणी हलवणारं जे कोणी होतं, तेही जेवायला जात होतं!

झालं, आता राहीला चैन कसलं पडतंय! तिने वाटी दोन्ही हातांत धरली आणि निघाली. विहिरीकडे गेली तर वर्तुळं मंदावली. ती थांबून, वाटी जमिनीवर टेकवून पाहायची आणि जिकडे पाणी जास्त हलेल तिकडे जायची. असं करता करता ओढा आला. पाण्याने तिला पलीकडे बोलावलं, आणि ती गेली.

कारखान्याच्या मागे चिंचेच्या पाण्याची मोठी कुंडी होती. तिच्याआड लपून राहीने आत पाहिलं, आणि वाटी तिच्या हातातून निसटली.

आत माणसं होती. तीच माणसं, जी घरी फक्त तोंड उघडमिट करायची. पण इथे सगळ्यांची तोंडं बंद होती आणि हात बोलत होते. एकाने मूठ मिटून उघडली, दुसऱ्याने भाता मारला. एकाने हवेत मासा काढला, लांबच्या माणसाने मान वर केली. राहीने जन्मात पहिल्यांदा एका माणसाचा विचार दुसऱ्या माणसाकडे जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तिच्या अंगावर काटा आला. आनंदाने येतो तसा.

कुंडीपाशी एक म्हातारा बसला होता, धोंडूतात्या. आता ऐरणीवर बसायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. तयार भांडी तो चिंचेने घासून लख्ख करायचा. साठ वर्षं हातोडी चालवून त्याचे कान पार गेलेले होते. पण हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बैठकीत मान हलवायचा, घरी सून काहीही म्हणाली तरी "हो हो" म्हणायचा. अशा हो-हो पायी त्याने एकदा आठ दिवस सलग कारल्याची भाजी खाल्ली होती. म्हणून तो दिवसभर कारखान्यातच बसायचा. तिथे कोणालाच ऐकू येत नसे, त्यामुळे त्याचं उघडं पडत नसे.

त्याने राहीला पाहिलं. सवयीने तिच्याकडे बोट केलं आणि मूठ छातीला लावली. 'हे काम कोणाचं?'

राहीने त्याच्याकडे बोट केलं आणि मूठ आपल्या छातीला लावली. जशीच्या तशी. मग खाली पडलेली वाटी उचलली, ओंजळीत धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वर वर्तुळं काढून दाखवली. मग कारखान्याकडे बोट केलं.

तात्या बघतच राहिला. ही पोर आपल्याला काहीतरी सांगत होती, आणि ते त्याला पहिल्या फटक्यात कळलं होतं! कान गेल्यापासूनच्या बारा वर्षांत कामाखेरीज त्याला इतकं स्वच्छ कोणी काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून राही रोज पाण्याला बाहेर जाते असं दाखवून ओढा ओलांडू लागली. कुंडीआड, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तात्या तिला खुणा शिकवायचा. त्या होत्या शंभर-सव्वाशे, आणि महिन्याभरात संपल्या. मग राहीची पंचाईत झाली. 'भाता' होता, 'पत्रा' होता, 'तापलंय, हात लावू नको' होतं. पण 'आई' नव्हती. 'रडणं' नव्हतं. 'मांजर' नव्हतं. आणि राहीला ज्याची सगळ्यात जास्त गरज होती ती एक खूण तर औषधालाही नव्हती. 'का?' कारखान्यात 'का'ला खूण नव्हती, कारण तिथे कोणी कधी 'का' असं विचारतच नसे.

ती राहीने बनवली. भुवया वर, तळहात वर, आणि बोटं जरा हलवायची, मुठीतलं काहीतरी मोकळं करावं तशी. तात्याला ती इतकी आवडली की तो दिवसभर स्वतःशीच करून बघत बसला. भांड्याला चिंच लावली की तांबं उजळतं. का? साठ वर्षांत त्याच्या मनात हे आलं नव्हतं.

आणि तात्याने तिला चिन्ह दिलं. ओंजळीची वाटी आणि वर बोटाने वर्तुळ. राहीने ते करून पाहिलं, मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. 'हे मी?' तात्याने मान डोलावली. दहा वर्षांची होत आलेल्या राहीला त्या दिवशी कळलं, की आपल्याला नाव असतं.

घरी पळत आली ती. बाप नुकताच हात धुऊन ओसरीवर बसला होता. त्याच्यासमोर उभं राहून राहीने मोठ्या हौसेने बोट मडक्याकडे केलं आणि खुणेने विचारलं, 'पाणी देऊ?'

बाप चमकला. मग त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि खाली दाबून ठेवले.

"घरात नाही," तो म्हणाला. मग आईकडे वळून म्हणाला, "ओढ्याकाठून बघते वाटतं आम्हाला. माकडासारखी नक्कल करते. लोक बघतील तर हसतील."

राहीला शब्द कळले नाहीत. पण आपले हात कोणी धरून ठेवले आहेत हे कळायला कान लागत नाहीत. इतकी रडली ती त्या दिवशी, की आईने गोधडी बाजूला ठेवून तिला मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने तात्याला त्या गोधडीबद्दल खुणांनी सांगितलं. सुईदोरा, लहान मापाचं पांघरूण, आईच्या डोळ्यांतून पाणी. 'का?' तात्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग त्याने डोंगर दाखवला. डोंगरापलीकडे बोट केलं. वाटीचं चिन्ह काढलं आणि ते तिकडे सरकवलं. आई इकडेच ठेवली.

राही विचारत राहिली, 'का? का?' आणि तात्याला काही सांगता येईना. खरं म्हणजे त्याला सांगता आलं असतं. त्याला फक्त त्याच संध्याकाळी तिच्या बापाकडे जाऊन म्हणायचं होतं, की बाबा रे, तुझी पोर बोलते. पण मग बाप विचारणार, तात्या, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तिच्याशी तास न् तास काय करता? आणि परवा मी मागून हाका मारत होतो तेव्हा वळला का नाहीत? एक धागा ओढला की सगळंच उसवणार होतं. तात्या भ्याला. मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

चैत्र आला. हातोडीचा दिवस आला.

त्या दिवशी कारखाना बंद असायचा. चिंचेखाली गाव जमलं. त्या वर्षी दहा वर्षांची पाच मुलं होती. चौघांनी खणखणीत उत्तरं दिली आणि हातोड्या घेतल्या. मग राही उभी राहिली. मागे आई बसली होती, घडी घातलेली गोधडी मांडीवर घेऊन.

थोरल्यांच्या मिशा इतक्या झुपकेदार होत्या की त्यांचं तोंड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ऐकू येणाऱ्यांनाही दिसत नसे. "तुझं नाव काय?" त्यांनी विचारलं.

राही त्यांच्या हातांकडे बघत होती. हात मांडीवर पडून होते.

"तुझं नाव काय?" थोरले मोठ्याने म्हणाले. मग ओरडून म्हणाले. मग सवयीने सगळं गावच ओरडलं, "नाव! नाव सांग!" राहीला फक्त लोकांच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरा दिसल्या. तिने एकदा हात उचलले, पण बाप समोरच बसला होता. तिला त्याची ती पकड आठवली. तिने हात पुन्हा पाठीमागे घेतले.

"तीनदा विचारलं," थोरले जड आवाजाने म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "रीत ती रीत. घेऊन जा पोरीला."

आई गोधडीवर डोकं टेकवून रडू लागली. बापाने मान वर केली नाही.

तेव्हा धोंडूतात्या उठला. "थोरले," तो म्हणाला, "हे प्रश्न मलाही विचारा. पण माझ्या पाठीमागे उभं राहून."

"अहो तात्या, ही काय थट्टेची वेळ आहे?"

तात्या उत्तर न देता पाठ करून उभा राहिला. थोरल्यांनी वैतागून विचारलं, "तुझं नाव काय?" तात्या गप्प. पुन्हा विचारलं. तात्या डोंगराकडे बघत उभा. लोक आधी हसले, मग हळूहळू हसायचे थांबले.

"विचारलंत का?" तात्या वळून म्हणाला. "मला कळलं नाही. बारा वर्षं झाली, मला काहीही ऐकू येत नाही. बैठकीत मी मान हलवतो ती उगीच. म्हणजे मलाही समज नाही. माझी हातोडी परत घ्या, आणि एक गोधडी मलाही शिवा."

मागच्या रांगेतले दोन-तीन म्हातारे शेजारच्यांना ढोसून विचारत होते, "काय म्हणाला? काय म्हणाला तो?"

तात्या पुढे म्हणाला, "पोरीला प्रश्न विचारायचे तर ओढ्यापलीकडे विचारा. साठही हातोड्या चालू करून."

"हे कसं चालेल?" थोरले म्हणाले. "हातोडी मिळाल्याशिवाय लेकरू ओढा ओलांडत नाही." हे वाक्य तात्याला न ऐकताही कळलं असावं, कारण ते सगळ्या गावाला पाठ होतं.

त्याने भुवया वर केल्या, तळहात वर केला आणि बोटं हलवली. ही खूण गावात कोणी पाहिली नव्हती, तरी सगळ्यांना कळली.

"का म्हणजे? तिचे कान जपाय..." थोरले अर्ध्यावर थांबले.

आधी आत्या फिसकन हसली. मग तोंडावर पदर घेऊन रडू लागली. दहा वर्षं सगळ्या गावाने मिळून त्या पोरीचे कान जपले होते. गावात एकच जागा होती जिथे माणसं तिच्याशी बोलू शकली असती, आणि तिथे तिला जाऊ दिलं नव्हतं, का तर कान बिघडतील!

थोरले उठले, काठी घेतली आणि ओढ्याकडे चालू लागले. मागून सगळं गाव निघालं. साठ तांबट आपापल्या ऐरणीवर बसले. हातोड्या पडू लागल्या. लहान मुलांना ओढ्याकाठीच ठेवलं होतं, त्यांनी कानांत बोटं घातली.

राही थोरल्यांसमोर उभी राहिली. थोरल्यांनी तोंड उघडलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही. आणि मग, जन्मभराच्या सवयीने, त्यांचे हात वर आले. एका हाताची दोन बोटं दुसऱ्या तळहाताखाली टेकवली. भांड्याच्या बुडाशी असते ती गोष्ट. 'तुझं चिन्ह काय?'

राहीचा चेहरा उजळला. तिने ओंजळीची वाटी केली आणि वर बोटाने वर्तुळ काढलं.

थोरल्यांनी तिच्याकडे बोट करून मूठ छातीला लावली. 'हे काम कोणाचं?'

राहीने बापाचं चिन्ह काढलं, पिंपळाचं पान. मग एक खूण केली जी थोरल्यांना येत नव्हती. दोन्ही हात उराशी धरून, सुई ओढावी तसा एक हात वर नेला. आणि दारात उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवलं.

'काय घडवशील?'

'वाटी. मोठी, पातळ पत्र्याची. पाणी भरून दारात ठेवायची. कोणी आलं की पाणी हलेल. तात्याला दिसेल.'

आई दुसऱ्या मुलखातून लग्न होऊन आलेली, तिला यातलं अक्षर कळत नव्हतं. ती दाराजवळच्या ऐरणीवर बसलेल्या नवऱ्याचं कोपर ओढून ओरडत होती, "काय म्हणाली? अहो, काय म्हणाली ती?" आणि नवरा डाव्या हाताने तिला खुणांनी सांगत होता, तिला खुणा येत नाहीत हे विसरून.

थोरल्यांनी हातोडी उचलली आणि राहीपुढे धरली. पण राहीने ती घेतली नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं. तिने थोरल्यांच्या हातांकडे बोट केलं. मग साठ जणांच्या हातांकडे. मग ओढा दाखवला, ओढ्यापलीकडची घरं दाखवली. मग आपलेच दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून खाली दाबून दाखवले, आणि बापाकडे वळली.

'का?'

तुम्ही सांगाल काही उत्तर? मला नाही सांगता येत. त्या साठ जणांनाही आलं नाही.

बापाने तिच्याकडे पाहिलं. त्याने हातोडी खाली ठेवली आणि उघडा तळहात ऐरणीवर टेकवला. त्याच्या शेजारच्याने हातोडी ठेवली, तळहात टेकवला. मग त्याच्या शेजारच्याने. थोरल्यांनी काठी टाकली आणि वाकून जवळच्या ऐरणीवर हात ठेवला. एकेक हातोडी थांबत गेली, आवाज उतरत गेला, आणि शेवटी कारखान्यात इतकी शांतता झाली की ओढ्याचं पाणी वाजताना ऐकू येऊ लागलं. साठ ऐरणींवर साठ तळहात होते.

राहीला ती शांतता कळली नाही, पायाखालची थरथर तेवढी थांबली. तिने फक्त हात पाहिले. मग तिने थोरल्यांच्या हातातली हातोडी घेतली.

आई तिच्याजवळ आली. "तिचं नाव कसं करतात?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने करून दाखवलं. आईने ओंजळीची वाटी उलटीच धरली आणि वर्तुळ खालून काढलं. राही खळखळून हसली. तिने आईचा हात धरला, सुलटा केला, तिचं बोट धरून वर वर्तुळ काढून घेतलं. आईने पुन्हा केलं, या वेळी बरोबर. दहा वर्षं हाका मारून थकलेल्या त्या बाईने लेकीला हाक मारली, आणि लेकीने पहिल्यांदा ओ दिली.

त्यानंतर त्या गावात तांबट ओढ्यावर हात धुवायचे, पण खुणा तशाच घेऊन घरी यायचे. ज्यांचे कान गेले होते त्या म्हाताऱ्यांनी उगीच मान हलवायचं सोडून दिलं, आणि तात्याने सुनेला कारल्याबद्दल काय वाटतं ते एकदाचं हातवारे करून सांगितलं. हातोडीच्या दिवशीचे तीन प्रश्न तेव्हापासून सगळ्याच मुलांना तोंडाने आणि हातांनीही विचारले जातात. ती गोधडी राहीच्या मांजराला मिळाली.

हातोडीच्या दिवशी आता एक चौथी गोष्टही होते. तीन उत्तरं दिली की मुलाने एक 'का?' विचारायचा, आणि थोरल्यांना उत्तर येत नसेल तर त्यांनी ऐरणीवर हात टेकवायचा.

बोध: ज्याला आपलं बोलणं पोचत नाही त्याच्यावर आवाज चढवू नये, त्याच्यापर्यंत पोचेल अशी भाषा बहुतेक वेळा आपल्याच हातात असते, ती त्याच्या घरापर्यंत न्यावी.